रबराची पाचर

सोमवारी सकाळी लेनर्ड पिकरिंग आपल्या खोलीपाशी आला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि दाराखाली करड्या रबराची एक पाचर सरकवलेली होती. नवीकोरी, मुठीत मावेल एवढी. एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात तपासलेल्या पेपरांची पिशवी घेऊन तो तिच्याकडे बघत उभा राहिला. ही पाचर त्याची नव्हती. भूगोल विभागात सगळे हसून म्हणायचे की लेनच्या खोलीतली धूळसुद्धा लेननं बसवलेल्या जागीच बसते. अशा खोलीत एक नवी वस्तू येते, आणि तीही दार उघडं राहावं एवढ्याचसाठी, म्हणजे कुणीतरी ती विचार करून ठेवली असणार. दुसऱ्या कुणी ती पायानं बाजूला सारली असती आणि चहा ओतला असता. लेनर्डनं आधी कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पाहिलं. मग वाकून पाचर ओढली, खिशात टाकली, आत गेला आणि मागे दार सोडून दिलं. ते नेहमीपेक्षा जोरात आपटलं. त्या आवाजानं तो दचकला, आणि आपण दचकलो हे काही त्याला आवडलं नाही.

गुरुवारचं कुणीतरी पाहिलं, हा पहिला विचार. खरं तर पहिला आणि शेवटचा, कारण त्यानंतर दिवसभर दुसरा विचार आलाच नाही. गुरुवारी पालकांची संध्याकाळ होती. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक, समोर दोन खुर्च्या, आणि आईबाप आपापल्या सोळा-सतरा वर्षांच्या लेकरांना घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. मेसी रॉथवेल एकटीच आली. तिची आई दोन वर्षांपूर्वी एका माणसाबरोबर स्पेनला गेली ती तिकडचीच झाली. बाप कधी नव्हताच. भाऊ क्रेग एका मोठ्या गोदामात रात्रपाळी करायचा आणि संध्याकाळी झोपलेला असायचा. मेसी समोरच्या एका खुर्चीत बसली, मग उठून दुसऱ्या खुर्चीत बसली. "या खुर्चीत मी मेसी, आणि या खुर्चीत मेसीची आई," ती म्हणाली. "बोला, आमची पोरगी कशी काय आहे?" लेनर्डनं चष्मा सारखा केला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाई, मुलगी हुशार आहे हो, पण तोंड फार चालतं." "घरी गेल्यावर बघतेच तिच्याकडे," मेसी म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे आईबापही हसले. मग सगळं आटोपलं, बाहेर पावसाबरोबर बर्फाचे कण पडायला लागले, शेवटची बस रद्द झाल्याचं स्टॉपवरच्या पाटीवर झळकलं, आणि लेनर्ड गाडी बाहेर काढत असताना ती तिथे उभी दिसली, डोक्यावर कॉलेजची पिशवी धरून. त्यानं गाडी थांबवली. नियमाप्रमाणे थांबवायची नव्हती. हे त्याला माहीत होतं, मेसीलाही माहीत होतं. "बसू का? की तुम्हाला फाशी देतील?" तिनं विचारलं. "बस लवकर, काच खाली आहे तोवर मीच भिजतोय," तो म्हणाला.

हे नियम दर सप्टेंबरात त्याच हॉलमध्ये, त्याच बिस्किटांबरोबर सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवले जात. मुलांशी एकटं बसायचं तर दार उघडं ठेवा. स्वतःचा फोन नंबर देऊ नका. स्वतःच्या गाडीत घेऊ नका. पोरांचं काही खटकलं तर त्याच दिवशी जॅनिन व्हिटलला सांगा. पोरांची देखभाल हे तिचं खातं. सहकाऱ्याचं काही खटकलं, कितीही किरकोळ असलं, तरी सांगा, तुमचं नाव फुटणार नाही. आणि स्वतःचंच काही खटकलं तरी येऊन सांगा, त्यात तुमचीच सोय आहे. हे शेवटचं वाक्य जॅनिन दर वर्षी जरा हसून म्हणायची. लेनर्ड मान डोलवायचा आणि बिस्किट चहात बुडवायचा. नियम बरोबरच होते. त्याच्या तरुणपणी या नियमांवाचून काय काय घडून गेलं होतं आणि कुणी कुणी तोंडं मिटून ठेवली होती, हे तो जाणून होता. फक्त ते नियम आपल्यासाठी आहेत असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते दुसऱ्यांसाठी होते, त्या दुसऱ्या तसल्या माणसांसाठी. आता त्या पाचरीनं त्याला उचलून त्या माणसांच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं.

मंगळवारी पाचर पुन्हा दाराखाली होती. कालची त्याच्या कोटाच्या खिशात होती, त्यानं चाचपून पाहिली. म्हणजे ही दुसरी. ज्यानं ठेवली त्याला पहिली नाहीशी झाल्याचं कळलं, आणि तरीही त्यानं माघार घेतली नाही. लेनर्डनं तीही ओढून खिशात टाकली. दुपारी स्टाफरूममध्ये तो शिरला तेव्हा खिडकीपाशी तिघं बोलत होती ती थांबली. माणसं बोलता बोलता थांबतातच. तोंडात सँडविच असतं म्हणूनही थांबतात. पण लेनर्डला ते थांबणं सबंध ऐकू आलं. अर्थशास्त्राचा हॉवर्ड त्याच्याकडे वळून म्हणाला, "काय लेन, गाडी ठीक आहे ना रे?" लेनर्डनं किटलीचं बटण दाबता दाबता विचारलं, "गाडीचं काय?" "नाही, सहज." "सहज म्हणजे?" हॉवर्डनं भुवया उंचावल्या. "म्हणजे सहज, बाबा. चालतेय ना, विचारलं." लेनर्ड चहा न करताच बाहेर पडला. क्लच घसरतोय म्हणून मागच्या आठवड्यात आपणच हॉवर्डपाशी पाऊण तास रडगाणं गायलं होतं हे त्याला घरी जाताना, टेकडीच्या चढावर क्लच पुन्हा घसरला तेव्हा आठवलं. त्यानं बरं वाटायला हवं होतं. पण लेनर्डला वाटलं, हॉवर्ड इतका सोयीचा प्रश्न कसा काय शोधून काढतो, ज्याला दोन्ही बाजूंनी धरता येतं?

एकेकाचा चेहरा तो ताडून बघू लागला. जॅनिन तासाच्या मध्ये कॉरिडॉरमधून फेरी मारायची आणि वर्गांच्या दारांच्या काचांतून आत डोकावायची. हे तिचं कामच होतं, पण आता ती त्याच्या काचेपाशी जास्त वेळ उभी राहते असं त्याला वाटलं. सफाईवाली बाई त्याच्याशी हवापाण्याचं बोलली नाही. रिसेप्शनवरची मुलगी त्याच्याकडे पाहून आधी क्षणभर थांबली आणि मग हसली. खोटं कशाला बोला, हे सगळं नेहमीच असं होत असणार. माणूस बघायला बसला की दिसतं. आणि या सगळ्या चेहऱ्यांच्या मागे, जिथे बघायचं तो टाळत होता तिथे, त्याचं स्वतःचंच तोंड होतं. त्या संध्याकाळी गाडीत काय झालं होतं? काही नाही. मेसीचे हात गारठले होते, म्हणून त्यानं हीटरची झडप तिच्या बाजूला वळवली. ती खाणीपाशी वळताना म्हणाली, "हा चुनखडीचा कडा ना? मला आता कुठेही दगड दिसला की तुमचा आवाज ऐकू येतो, वैताग आहे नुसता." तो हसला. लीड्सला भूगर्भशास्त्र शिकायला जायचं असं तिनं पहिल्यांदा त्याच वेळी बोलून दाखवलं, काचेकडे तोंड करून, जणू काचेलाच सांगत होती. तिला घरापाशी सोडलं, दारातला दिवा लागला, तो परत फिरला. आणि परत येताना, सबंध रस्ता, त्याला फार सुख वाटलं होतं. गाडीत त्यानं रेडिओ लावला नव्हता. ते सुख कसलं होतं? मुलगी ॲलिसन लग्न करून ऑकलंडला गेल्यापासून रविवारी फोनवर हवामानापलीकडे बोलत नव्हती. गारठलेले हात कुणी त्याच्या हीटरपुढे धरले नव्हते कितीतरी वर्षांत. बापाचं सुख, असं म्हणून तो विषय मिटवता आला असता. गेल्या आठवड्यात मिटलाही असता. पण पाचर खिशात असताना कुठलाच विषय मिटेना. सुख म्हणजे सुख, त्याला कोण साक्षीदार? ते सुख तो तपासत राहिला, वळवून वळवून, आणि तपासता तपासता ते त्याच्या हातात मळलं.

रात्रीच्या जेवणाला रूथनं बटाट्याचा थर देऊन मासे भाजले होते. रूथ त्याची बायको, तीस वर्षं पोस्टात काम केलेली, कमी बोलणारी. त्यानं तिला पाचरीचं सांगितलं, मग गाडीचं सांगितलं.

"तू काही केलंयस का?" रूथनं विचारलं.

"नाही."

"मग जेव."

तो जेवला. रूथनं बशा उचलल्या, नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली, "मला नाही सांगितलंस पण त्या रात्री. मी विचारलं, उशीर का झाला? तू म्हणालास, पालक संपेचनात."

"विसरलो असेन."

"असशील. मी नुसतं म्हणतेय."

नुसतं म्हणतेय! पण हे खरं होतं की तो विसरला नव्हता. त्यानं सांगितलं नव्हतं, आणि का नाही सांगितलं हे त्याला त्या दिवशीही माहीत नव्हतं आणि आजही नव्हतं. ज्यात लपवण्यासारखं काही नाही ते मी का लपवलं, असं तो अंथरुणात स्वतःला विचारत राहिला. उत्तर असं कधी येत नसतं. नुसता प्रश्न मोठा होत गेला.

गुरुवारी तिसऱ्या तासाला मेसी यायची. प्रत्येक शिक्षकाकडे वीस-बावीस पोरं सोपवलेली असत, त्यांची हजेरी, रडणी, प्रेमभंग, विद्यापीठांचे अर्ज, सगळं त्यानं बघायचं. मेसी त्याच्या वाट्याची. पहिल्या वर्षी तिनं दोनदा कॉलेज सोडलं होतं. दोन्ही वेळा लेनर्डनंच तिला परत आणलं, तेही भाषण न देता, दुसऱ्या वेळी तर ती काम करायची त्या तळलेल्या माशांच्या आणि चिप्सच्या दुकानात जाऊन त्यानं चिप्स मागितल्या आणि व्हिनेगर घालता घालता तिला म्हणाला, "गुरुवारी हिमनद्या आहेत. तू नसलीस तर मला प्रश्न विचारायला कुणी नाही." गुरुवारी ती आली. तेव्हापासून आठवड्याला एकदा ती त्याच्या खोलीत बसायची, चहा प्यायची, पुढच्या आठवड्याचं बोलायची. इथे सगळी पोरं शिक्षकांना नावानंच हाक मारत. "लेन, तुमचं बिस्किट बुडालं. आता ते प्रेत काढा," ती म्हणायची. तिचं सगळं कॉलेज त्या अर्ध्या तासावर उभं होतं, हे जॅनिनला माहीत होतं, क्रेगला माहीत होतं, आणि लेनर्डला तर होतंच. या गुरुवारी त्यानं दार पूर्ण उघडं ठेवलं, खुर्ची टेबलाच्या पलीकडे सरकवली आणि बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून दिला.

"काय झालं? डाएट?" मेसीनं विचारलं.

"जरा घाईत आहे. अर्जाचं काय झालं?"

"आज कुणी मेलंय का?"

"मेसी, अर्ज."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नीट बसली, हात मांडीवर घेतले आणि ऑफिसातल्या माणसाला द्यावीत तशी उत्तरं दिली. पाच मिनिटांत ती गेली. लेनर्डनं सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्याला स्वतःचा राग आला, आणि त्या रागाच्या भरात त्यानं जे ठरवलं ते त्याला त्या क्षणी मोठं धाडसाचं वाटलं. ज्यानं कुणी तक्रार केली असेल त्याच्या आधी आपणच जाऊन सांगायचं. समोरून. स्वच्छ.

जॅनिन तिच्या खोलीत मगमधून सूप पीत होती. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, कोपऱ्यात रडायला आलेल्या पोरांसाठी मऊ खुर्ची. लेनर्ड त्या खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच बोलला. गुरुवार, बस, बर्फ, गाडी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "तुझ्यापर्यंत आलंच असेल. पण माझ्या तोंडून आलेलं बरं."

जॅनिननं चमचा खाली ठेवला. "लेन, माझ्यापर्यंत काही आलेलं नाही."

"मग माझ्या दाराला पाचर कुणी लावली?"

"पाचर?" जॅनिनला क्षणभर काही कळेना. मग कळलं. "अरे देवा! त्या दुरुस्तीवाल्या कीथनं लावल्यात. सगळ्या मजल्याला. दारांचे वरचे स्प्रिंग बदलायचेत, दारं आपटतात. फ्रेंचच्या बाईंचं बोट चेमटलं नाही का? तू दुसऱ्या कुणाच्या दाराकडे बघितलं नाहीस?"

त्यानं बघितलं नव्हतं. चार दिवस त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले होते, दार एकाचंही पाहिलं नव्हतं. त्याला हसू आलं, खरंखुरं, पोटातून, जॅनिनही हसली. "कीथला म्हणावं, माझ्या कोटात दोन आहेत," तो म्हणाला आणि दाराकडे वळला. जॅनिनचं हसणं मात्र आधीच थांबलं होतं.

"लेन, बस जरा."

"कशाला? झालं की."

"तू मला सांगितलंस. आता मला ते ऐकलं नाही असं नाही करता येणार."

"अगं पण काहीच नाहीये!"

"मला माहितीये काही नाही. पण ते मी म्हणून भागत नाही, तिला विचारावं लागतं. बाहेरच्या बाई येतात, दोन-चार प्रश्न विचारतात, संपतं. तोवर मेसीला हॉवर्डकडे देते. आठवडाभराचा प्रश्न आहे." मग हळू आवाजात म्हणाली, "तू नसतास आलास तर बरं झालं असतं, असं मी म्हणू शकत नाही. कळतंय ना?"

कळत होतं. त्यानंच सगळ्यांच्या देखत वर्षानुवर्षं त्यावर मान डोलवली होती. आपल्याच हातानं आपण पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही आपल्या नव्हे, मेसीच्या पायावर, हे मात्र त्याला जिना उतरताना कळलं. पुढचे दिवस त्यानं तास घेतले, नद्यांची वळणं फळ्यावर काढली. मेसी वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारत नव्हती. एक दिवस ती आली नाही. मग आणखी एक दिवस. मग जॅनिननं त्याला बोलावून सांगितलं की काहीही निष्पन्न झालं नाही, मुलीनं स्वच्छ सांगितलं, प्रकरण मिटलं, मेसी परत त्याच्याकडे. "बघ, म्हटलं होतं ना," ती म्हणाली आणि त्याच्या दंडावर थोपटलं. लेनर्डला वाटलं होतं की हे ऐकल्यावर हलकं वाटेल. पण दंडावरची ती थाप किती जपून मारलेली होती, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

पुढच्या गुरुवारी तिसऱ्या तासाला त्यानं डबा बाहेर काढला. ती येईल असं त्याला वाटत नव्हतं, पण ती आली. कोट अंगात होता, पिशवी खांद्यावर. ती दारात थांबली.

"बस ना," तो म्हणाला.

"नको. सांगायला आले. क्रेगच्या गोदामात जागा आहे. सोमवारपासून."

"कामाला? आणि परीक्षा? मेसी, सहा महिन्यांवर आलीये."

"माहितीये." तिनं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "त्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, लेननं कधी तुला अवघडल्यासारखं होईल असं काही केलं का? मी म्हटलं, छे. मग म्हणाल्या, घाई नको, नीट आठवून बघ. म्हणून मी आठवून बघितलं."

"मग?"

"आठवायला बसलं ना, की सगळंच तसं दिसायला लागतं. दुकानात चिप्स घ्यायला आलात ते. बिस्किटं. तो हीटर माझ्याकडे वळवलात ते." ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती. "मी त्यांना काही नाही म्हणून सांगितलं. कारण काही नव्हतंच. पण मग त्या म्हणाल्या, तुम्ही स्वतःच जाऊन सांगितलंत. ते मला कळेना. घरी जाऊन किती विचार केला. ज्याच्या मनात काही नाही तो कशाला जाऊन सांगेल?"

"मी घाबरलो होतो."

"कुणाला? मला?"

त्याला 'नाही' असं म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तरी ते खोटं झालं नसतं.

"मला वाटायचं," मेसी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला म्हणून ती चिडली, "मला वाटायचं तुम्हाला माझ्याकडून काही नकोय. असं एक तरी माणूस आहे. तेच बरं वाटायचं इथे येऊन, बाकी काही नाही. तुम्ही सांगा ना. काही हवं होतं का तुम्हाला?"

आता बोलायला हवं होतं. हो, हवं होतं. तू इथे यावंस हे हवं होतं, त्या दिवशी मी सबंध रस्ता रेडिओ न लावता घरी गेलो, त्यात वाईट काही नव्हतं, जाऊ नकोस, सोमवारी गोदामात जाऊ नकोस. एवढं सगळं त्याच्या ओठाशी आलं होतं, आणि ते खरं होतं, आणि ते ऐकून ती कदाचित खुर्चीवर बसलीही असती. लेनर्डनं तोंड उघडलं. आणि बोलायच्या आधी त्यानं तिच्या खांद्यावरून मागे कॉरिडॉरमध्ये पाहिलं, कुणी ऐकतंय का ते.

मेसीनं ते पाहिलं. तिनंही वळून मागे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "येते."

तिची पावलं जिन्याकडे गेली. जिना उतरला की फाटक, फाटकापलीकडे बसचा स्टॉप; गुरुवारी या वेळेला बस लवकर येत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. तो धावला असता तर ती तिथेच सापडली असती. लेनर्ड खोलीबाहेर आला, जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबला. मुलगी एकटी आपल्या खोलीत येऊन गेली, आणि ती रडवेली होऊन बाहेर पडली. हे कुणीतरी पाहिलंच असेल. तो उलट दिशेला वळला आणि भराभर जॅनिनच्या खोलीकडे चालायला लागला. दार सगळा वेळ उघडं होतं, हे तिला आधी सांगायचं, असं त्यानं चालता चालता ठरवलं.